फायलीत नसलेलं

परराष्ट्र खात्यात त्यांना सगळे नदीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण त्यांना ते माहीत होतं आणि आतून आवडतही होतं. दोन देशांच्या मधून वाहणारी नदी, तिच्या मधोमधचं बेट, बेटावरची आपली चौकी, पलीकडच्यांनी धरून नेलेले आपले नावाडी, आपल्या गोळीबारात मेलेले त्यांचे नावाडी, असं सगळं मिळून जी एक फाइल होती, ती अठरा वर्षं त्यांच्या टेबलावर होती. पाच मंत्री आले आणि गेले, तीन सचिव हार घालून घरी गेले, नदीबाई जागच्या जागी. पलीकडची भाषा त्या ऑफिस सुटल्यावर शिकवणीला जाऊन शिकल्या होत्या, अगदी शिव्यांसकट. लग्न राहिलं ते या फायलीपायी, असं त्यांची आई म्हणायची. नदीबाई म्हणायच्या, "फाइल निदान घोरत तरी नाही."

त्या सोमवारी सचिवसाहेबांनी त्यांना बोलावलं आणि "या" म्हणण्याआधी "बसा" म्हणाले, तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

"बोलणी ठरली," साहेब म्हणाले. "पुढच्या सोमवारी, पुलाजवळच्या जुन्या कस्टम हाउसमध्ये."

नदीबाईंना एकदम हलकं वाटलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते घडत होतं.

"फक्त एक बदल आहे. पंतप्रधानांनी ठरवलंय की शिष्टमंडळाचं नेतृत्व विरोधी पक्षाने करायचं."

"विरोधी पक्षाने?"

"नऊ वर्षांपूर्वी काय झालं ते तुम्हाला मी काय सांगणार? आपण सही करून आलो, विरोधकांनी देश विकला म्हणून रान उठवलं, सरकार पडलं आणि करार गेला केराच्या टोपलीत. तेव्हापासून पलीकडचे एकच विचारतात, तुमच्यातलं नेमकं बोलतंय कोण? आज एकाने शब्द दिला, उद्या दुसरा फिरवणार. म्हणून या वेळी ज्यांनी फाडलं त्यांच्याच हातात सुईदोरा द्यायचा. मग कुणाला उसवता येणार नाही."

बोलणं पटण्यासारखं होतं, हाच तर त्रास होता. "मग कोण जाणार?" नदीबाईंनी विचारलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "तुमची धाकटी बहीण. तयारी तुम्हीच करून घ्यायची. तुम्हाला चालेल ना?"

"देशाचं काम आहे, साहेब," नदीबाई म्हणाल्या.

धाकटी त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. डोळ्यांची डॉक्टर. तिसऱ्यांदा निवडून आलेली, विरोधी बाकांवरची सगळ्यात धारदार जीभ. नऊ वर्षांपूर्वी भर सभागृहात कराराची प्रत टराटरा फाडणारीही तीच. तो फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आला होता. त्या कागदाचा मसुदा जिने महिनाभर बसून लिहिला होता, तिचा फोटो कुठे यायचा प्रश्नच नव्हता. हे काही नवीन नव्हतं. लहानपणी सायकल आली ती थोरलीसाठी, पण आधी चालवायला लागली ती धाकटी. थोरली गुडघे फोडून घेत होती तोवर ही हात सोडून गल्लीला चकरा मारत होती आणि खिडक्यांमधून बायका म्हणत होत्या, पोरगी काय धीट आहे! अठरा वर्षं वारूळ आपण रचायचं आणि आयत्या बिळावर नागोबा येऊन बसायचा. नदीबाईंना त्या दिवशी डबा गेला नाही.

तीन दिवस त्या दोघी नदीबाईंच्या खोलीत समोरासमोर बसल्या. धाकटी मूर्ख निघाली असती तर नदीबाईंनी तिला मनापासून शिकवलं असतं. पण ती वही घेऊन बसायची, एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा विचारायची नाही आणि मधेच एखादा प्रश्न असा टाकायची की नदीबाईंना वाटावं, हे आपल्याला कसं सुचलं नाही?

"ताई, चौकी बेटावर का आहे?"

"संरक्षणासाठी."

"कुणाचं? त्या बेटावर तर कुणी राहत नाही."

नदीबाईंनी चौकीचा पस्तीस वर्षांचा इतिहास सांगितला. धाकटीने तो ऐकला, वहीत लिहिलं, "सवय," आणि पान उलटलं. नदीबाईंना तो शब्द उलटा वाचता आला आणि मिरच्या झोंबल्या. त्यांनी याच विषयावर चाळीस पानांचं टिपण लिहिलं होतं आणि चाळीस पानांचा अर्थ तोच होता.

तिसऱ्या दिवशी धाकटीने वही मिटली. "ताई, तू नसतीस तर मी तिथे जाऊन तोंडावर पडले असते. आता एकच सांग. फायलीत नसलेलं काही आहे का?"

होतं.

दोन वर्षांपूर्वी नदीच्या पाण्याच्या पातळीबद्दल एक छोटी बैठक झाली होती. पलीकडचे प्रमुख म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश, वाळक्या अंगाचा, कमी बोलणारा म्हातारा. चहाच्या सुट्टीत तो नदीबाईंच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि स्वतःच्या भाषेत हळूच म्हणाला, "पाच वर्षं झाली. धुक्यात तुमच्या चौकीवरून गोळ्या सुटल्या आणि आमचे अकरा नावाडी गेले. तुमच्याकडून आजवर 'चौकशी चालू आहे' यापलीकडे शब्द आला नाही. कुणीतरी एकदा तोंड उघडून वाईट वाटलं म्हणा. सगळ्यात आधी, मी विचारायच्या आधी. मग बेटाचं आणि अधूनमधून पकडल्या जाणाऱ्या तुमच्या माणसांचं मी बघतो. पण हे लिहू नका. लिहिलं की ती मागणी होते आणि मागणी आली की तुमचे लोक ती फेटाळणार."

नदीबाईंनी ते तेव्हाच्या सचिवांच्या कानावर घातलं होतं. ते म्हणाले, आत्ता नको, विरोधक फाडून खातील. पुढे ते निवृत्त झाले. तेव्हापासून ती गोष्ट एकट्या नदीबाईंजवळ होती. हुकमाचं पान म्हणून त्यांनी ते जपून ठेवलं होतं. कधी ना कधी मोठी बोलणी होतील, सगळं घोडं अडेल, सगळे एकमेकांची तोंडं बघतील, आणि मग आपण पुढे होऊ, असं त्यांनी कितीदा मनात रंगवलं होतं.

"ताई?"

"नाही," नदीबाई म्हणाल्या. "सगळं फायलीत आहे."

शुक्रवारी सभागृहात ठराव आला. सरकारच्या शांततेच्या प्रयत्नांना सगळ्या पक्षांचा पाठिंबा आहे, बोलणी करणारे संपूर्ण देशाच्या वतीने बोलतील, अशा चार ओळी. पंतप्रधान थोडक्यात बोलले आणि त्यांनी हात करून धाकटीला बोलायला सांगितलं. ती पंधरा मिनिटं बोलली, हातात कागद नव्हता. त्यातला एकूण एक आकडा नदीबाईंचा, तारखा नदीबाईंच्या, नदीच्या भरतीओहोटीचं उदाहरणसुद्धा नदीबाईंचं. शेवटी ती म्हणाली, "घरात आपण भांडू, जोरात भांडू. पण पुलावर आपण एकाच तोंडाने बोलू." आणि दोन्हीकडची बाकं एकदम उभी राहिली. एक हात खाली नव्हता. जे एकमेकांचं तोंड बघत नसत ते खांद्याला खांदा लावून टाळ्या वाजवत होते. अधिकाऱ्यांच्या सज्जात नदीबाईंनीही टाळ्या वाजवल्या. शेजारचा उपसचिव भारावून म्हणाला, "बाई, तुमची बहीण म्हणजे..." आणि त्याला पुढे शब्दच सापडेना.

"हो ना," नदीबाई म्हणाल्या. त्यांचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते.

कस्टम हाउसमध्ये लांब टेबल टाकलं होतं. खिडकीतून बंद पूल दिसत होता, आणि त्याच्या टोकाला सकाळपासून येऊन बसलेल्या बायका. पाच महिन्यांपूर्वी पलीकडच्यांनी आपले एकोणीस नावाडी पकडून नेले होते. त्यांच्या घरच्या त्या. टेबलाच्या या बाजूला मधोमध धाकटी, तिच्या उजवीकडे सत्ताधारी पक्षाचे एक भारदस्त खासदार, डावीकडे नदीबाई. समोर न्यायाधीश. ते काडीभरही बदलले नव्हते. त्यांनी नदीबाईंकडे पाहून मान किंचित लववली.

धाकटीने सुरुवात छान केली. ठराव वाचून दाखवला, एकही मत विरोधात नव्हतं हे सांगितलं, मग बेटाकडे आली. न्यायाधीश ऐकत होते, पण वाट बघणारा माणूस ऐकतो तसे. तिचं संपल्यावरही ते थोडा वेळ थांबले. मग त्यांनी विचारलं, "आणि आमचे अकरा नावाडी?"

दुभाष्याने ते सांगितलं. धाकटीने क्षणभर डावीकडे बघितलं.

नदीबाईंना ते बघणं जाणवलं. आत्ता एका चिठ्ठीवर चार शब्द लिहून सरकवता आले असते. पेन हातात होतं. आणि त्यांच्या मनात आलं, अडू दे. एकदा तरी अडू दे हिला. त्यांनी समोरच्या कागदावर नजर खिळवली आणि ती हलवली नाही.

धाकटीने मग फायलीत होतं तेच सांगितलं. "त्या घटनेची चौकशी चालू आहे."

न्यायाधीशांनी समोरचं फोल्डर मिटलं. आवाजसुद्धा झाला नाही. "उद्या सकाळी दहाला भेटू," ते म्हणाले. "भेटायचं कारण राहिलं, तर."

बैठक पन्नास मिनिटांत आटोपली. धाकटी पांढरीफटक पडली होती. नदीबाईंना वाटलं होतं, आता बरं वाटेल. वाटलंही, जिना उतरेपर्यंत.

दुपारी तीनच्या सुमाराला बाहेरच्या व्हरांड्यात न्यायाधीश त्यांना एकटे भेटले. बहुतेक त्यांच्यासाठीच थांबले होते.

"तुमच्या संसदेत सगळे एकदम उभे राहिले ते मी टीव्हीवर पाहिलं," ते आपल्या भाषेत म्हणाले. "खरं सांगतो, मला ते खरं वाटलं होतं. म्हणून आलो."

"ते खरंच आहे."

"मग मी तुम्हाला सांगितलेलं त्यांच्यापर्यंत का पोचलं नाही? तुम्ही विसरणाऱ्यातल्या नाही. म्हणजे कुणीतरी ठरवलं की सांगायचं नाही. सरकारला विरोधकांची फजिती करायची आहे. एका हाताने पुढे ढकलायचं आणि दुसऱ्याने पाय ओढायचा. आमच्याकडेही चालतं ते, मला ओळखू येतं. मी तसं दुपारीच माझ्या सरकारला कळवलं. हे एकमत फक्त टाळ्यांपुरतं आहे म्हणून."

त्यांना वाटलं होतं, गोष्ट दोन बहिणींची आहे, टेबलाच्या एका बाजूला दोन खुर्च्यांमध्ये मावेल एवढी. आणि समोरच्या माणसाने तिच्यात अख्खं सरकार वाचलं होतं, दोन पक्ष, एक सभागृह, सगळं. आणि त्याचं तरी काय चुकलं होतं? एवढं मोठं कारस्थान सरकारचंच असणार, एका बाईच्या पोटातली आग असेल असं कुणाला वाटेल?

"सरकारने नाही," त्या म्हणाल्या. "कुणीच नाही. सरकारला माहीतसुद्धा नाही. मी सांगितलं नाही."

"का?"

"ती माझी धाकटी बहीण आहे."

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे बघितलं. मग पुलाकडे. "मी तुमच्यावर विश्वास ठेवतो," तो शेवटी म्हणाला. "इतकं लाजिरवाणं खोटं कुणी बोलत नाही. पण माझा निरोप गेला, बाई. तो मला मागे घेता येत नाही."

धाकटी वजनकाट्याच्या खोलीत एका रिकाम्या खोक्यावर बसून चहात बिस्कीट बुडवत होती. नदीबाईंनी दार लावून घेतलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बिस्कीट केव्हाच चहात पडून विरघळलं.

"मी विचारलं होतं तुला," धाकटी म्हणाली.

"हो."

"फायलीत नसलेलं काही आहे का, असं अगदी याच शब्दांत विचारलं होतं. विसरली होतीस?"

तिने स्वतःच सुटकेचं दार उघडून दिलं होतं. फक्त हो म्हणायचं होतं. "नाही," नदीबाई म्हणाल्या. "विसरले नव्हते."

"मग मला पाडायचं होतं तुला."

"पाडायचं नव्हतं. तू अडशील, मग सगळे माझ्याकडे बघतील, एवढंच."

"तेच ते, ताई."

धाकटीचा आवाज चढला. "तुला कळतंय का, आत्ता मी बाहेर जाऊन एवढंच म्हटलं की सरकारच्या अधिकाऱ्याने माझ्यापासून गोष्ट दडवली, तर काय होईल? माझा पक्ष मला खांद्यावर घेऊन नाचेल. आठवड्याच्या आत सरकार पडेल. पुढची नऊ वर्षं पुन्हा ये रे माझ्या मागल्या!"

"कळतंय. मी राजीनामा लिहून आणलाय."

"ठेव तो पर्समध्ये." धाकटीने कप खाली आदळला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते तिने पालथ्या हाताने पुसलं. "तुला काय बोलायचं ते मी घरी बोलीन, आईसमोर. आत्ता मला तुझा राजीनामा नको, मजकूर हवाय. नावाडी कोण होते, कुठले, वयं काय, सगळं. बस आणि लिही."

नदीबाई बसल्या आणि लिहायला लागल्या. आणि लिहिताना, इतकं सगळं होऊनही, त्यांना वाटून गेलं, एवढा मोठेपणा तरी हिने माझ्यासाठी ठेवायचा होता.

पंतप्रधानांचा होकार पाव तासात आला. धाकटीच्या स्वतःच्या पक्षाचा यायला दोन तास लागले. ती व्हरांड्यात येरझाऱ्या घालत फोनवर ओरडत होती. "वाईट वाटलं म्हटल्याने देश लहान होत नाही, दादा! मागच्या वेळी मी फाडलं होतं. या वेळी तुम्हाला फाडायचं तर फाडा, पण मला अंगावर घेऊन फाडा!" सत्ताधारी पक्षाचे ते भारदस्त खासदार दारात उभे राहून ऐकत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी काही न बोलता तिला पाण्याचा ग्लास आणून दिला.

दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला सगळे टेबलाशी बसले. धाकटी उभी राहिली. तिने अकरा नावं वाचली, उच्चार इतके वाईट की नदीबाईंना कानावर हात ठेवावेसे वाटले. एका नावाशी ती अडखळली, तेव्हा न्यायाधीशांनी ते हळूच नीट उच्चारलं आणि तिने त्यांच्यामागून म्हटलं. मग तिने कागद खाली ठेवला.

"मी डोळ्यांची डॉक्टर आहे," ती म्हणाली. "धुक्यात वल्हं आणि बंदूक यांच्यातला फरक दिसत नाही, हे मला समजतं. पण धुकं विरल्यावरही आम्ही सात वर्षं तिकडे बघितलं नाही, हे मला समजत नाही. आम्हाला वाईट वाटतं. ज्यांचं सरकार आहे त्यांना, आणि ज्यांचं नाही त्यांनाही."

शेजारचे खासदार उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं, पण राहिले. न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन बोटांनी डोळे दाबले.

हे नदीबाईंनी लिहिलं नव्हतं. त्यांनी लिहिलेला मजकूर बिनचूक होता, एक शब्द कुणाला इकडचा तिकडे करता आला नसता. पण हुकमाचं पान आपल्या हातात असताना आपण हे असं बोलू शकलो असतो का, हे त्यांनी स्वतःला विचारलं आणि उत्तर लगेच आलं. आजवर त्यांना वाटायचं, धाकटीला जे मिळतं ते आपल्या वाटचं असतं. हे मात्र त्यांच्या वाटचं कधीच नव्हतं. ते कळल्यावर हेवा कमी व्हायला हवा होता. तो वाढला.

करार झाला. बेटावरची चौकी हलणार, नदीवर दोन्हीकडून गोळी सुटणार नाही, दोन्हीकडचे नावाडी ठरल्या वेळी मासे धरणार. फक्त एका कलमावर न्यायाधीशांनी हात वर केले. "पकडलेल्या माणसांना आज सोडायचं माझ्या मनात होतं. पण आमच्याकडून कालच्या निरोपाला उत्तर आलंय. आधी तुमचं एकमत टिकतं का ते बघा, म्हणतात. चार महिने."

धाकटीने त्या दिवसात पहिल्यांदाच ताईकडे बघितलं. मग तिने सही केली.

एकमत टिकलं. चार महिन्यांत एक पोटनिवडणूक झाली, दोन्ही पक्षांनी एकमेकांची सालं काढली, पण नदीबद्दल कुणी एक शब्द वावगा काढला नाही. आणि एका स्वच्छ सकाळी पुलाचं फाटक उघडलं आणि एकोणीस माणसं एकामागून एक चालत आली. फाटकापाशी गलका उडाला. बायका धावल्या. एका तरुण नावाड्याच्या हातात त्याच्या बायकोने कापडात गुंडाळलेलं मूल ठेवलं, आणि ते कसं धरायचं हे न कळून तो तसाच हात पुढे करून उभा राहिला.

"किती महिन्यांचं?" धाकटीने विचारलं.

"तीन पुरे होतील उद्या," बायको म्हणाली. "वाट बघून बघून आलीच शेवटी."

नदीबाई दोन पावलांवर होत्या. हिशेब करायला बोटांची गरज नव्हती. त्या दिवशी एक चिठ्ठी सरकवली असती तर हा बाप्या बाळंतपणाला घरी असता. धाकटीलाही ते कळलं असणार, पण ती वळली नाही. तिने वळून बघितलं असतं, चार शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं. घरी आईसमोर बोलायचं ती म्हणाली होती, तेही ती अजून बोलली नव्हती.

तेवढ्यात फोटोवाले आले आणि त्यांनी धाकटीला त्या बापलेकीच्या शेजारी उभं केलं. कॅमेरे कडकडले. आणि एवढं सगळं ठाऊक असूनही नदीबाईंच्या पोटात तीच जुनी कळ उठली. त्यांना लाज वाटली. पण उठली.

"मॅडम," त्यांच्या कोपराशी एक पिकल्या दाढीचा नावाडी उभा होता. त्याला घ्यायला कुणी आलं नसावं. "आम्ही आलो, पण आमच्या होड्या तिकडंच राहिल्या. त्या कधी मिळणार हो?"

"आठव्या कलमात आहे," नदीबाई म्हणाल्या आणि पिशवीतून यादी काढून त्यांनी चष्मा लावला. "तुमच्या होडीचा नंबर सांगा. आणि इकडे सावलीत या, मला नीट लिहून घेऊ दे."